पहिला रुपया कुणाचा?



आज सकाळी आपण महात्मा फुल्यांच्या प्रतिमेला हार घातला आणि कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर जे जे बोलले त्यांनी फुले, शाहू, आंबेडकर ही तिन्ही नावं एका दमात घेतली आणि शेवटी एकच मागणी केली की के.जी. ते पी.जी. सगळं शिक्षण सरकारनं सगळ्यांना मोफत द्यावं. टाळ्या जोरात पडल्या. या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मीही त्याच सुरात सूर मिसळावा अशी अपेक्षा असणार. ते मला जमणार नाही. कॉलेजची फी सरसकट माफ करणं हा सरकारी पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग आहे हे मला मान्य नाही, आणि मी हे बोलणार आहे ते ज्यांना आपण हार घातला त्यांच्याच आधारानं.

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीराव फुल्यांचं एक निवेदन आहे, हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं. त्यातला हिशोब असा. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतात राबणाऱ्या रयतेचा. वरच्या आणि सधन वर्गांचा त्यातला वाटा किरकोळ. आणि शिक्षणावर खर्च करायची वेळ आली की तोच पैसा वळतो उच्च शिक्षणाकडे, म्हणजे ज्या घरांत अक्षर आधीच पोचलेलं आहे त्या घरांतल्या मुलांकडे. वरच्यांना शिकवा, त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपत येईल, असा तेव्हाच्या सरकारचा समज होता. जोतीरावांनी त्याचे वाभाडे काढले. मग त्यांनी मागितलं काय? प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. लोकल फंडातला निम्मा पैसा त्यासाठी राखून ठेवा. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला घ्या, म्हणजे तो गावात मिसळेल. त्याला महिना बारा रुपयांच्या खाली पगार देऊ नका. गाव मोठं असेल तर पंधरा ते वीस द्या. मास्तरच्या पगाराचा आकडा आयोगापुढे ठेवणारा हा माणूस होता. पैसा कुठून येतो, कुणाकडे जातो आणि कुणाकडे जायला हवा, एवढंच त्यांचं सांगणं, आणि आज इतक्या वर्षांनंतर तोच प्रश्न विचारला की लोक मला प्रतिगामी म्हणतात.

आजचा हिशोब मांडून बघू. रयत तेव्हा भरायची तो शेतसारा आता नावापुरता उरला. पण ऊसतोडीला जाणारी बाई साबणाची वडी घेते, लेकराला चप्पल घेते, मोबाइलला रिचार्ज मारते, तेव्हा तिच्या पदरातून जीएसटी जातो. मुंबईत मलबार हिलवर राहणारा माणूस त्याच वडीवर तोच दर भरतो. तिजोरी भरायला ती आहे. मग तिचं लेकरू कॉलेजात आहे का? केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या पाहणीत उच्च शिक्षणातल्या पटनोंदणीचं प्रमाण महाराष्ट्रात पस्तीस टक्क्यांच्या आसपास होतं. देशाचं होतं २८.४ टक्के, म्हणजे आपण बरे. तरीही ढोबळमानानं तीनातली दोन मुलं कॉलेजच्या फाटकापर्यंत आलेलीच नाहीत. ती कुठल्या घरांतली, हे मी सांगायला नको. या मंडपातल्या प्रत्येकाला ती घरं माहीत आहेत.

मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरतात. मुकादमानं उचल दिलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्या जोडीबरोबर ट्रॉलीत भांडी, शेळी, अंथरुणं आणि शाळेतलं पोर. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. वजाबाकीत हातचा कसा घ्यायचा हे तिला नुकतंच उमजलं होतं, आणि उमजल्याच्या आनंदात ती शेजारच्या दोघींना शिकवत बसायची. मग ती गेली. पाडव्याच्या सुमाराला परत आली तेव्हा हातचा साफ विसरली होती. उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या मात्र तिला सफाईनं बांधता येत होत्या, आणि कोपीवर धाकट्या भावाला दिवसभर सांभाळणं अंगवळणी पडलं होतं. हजेरीपटावर तिचं नाव त्या वर्षी होतं, पुढच्या वर्षीही होतं. त्यानंतर नुसतं नावच राहिलं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शिक्षण हमी कार्ड आहे. योजना चांगल्याच आहेत. पण कारखाने पेटल्यानंतर वसतिगृहाची मंजुरी आली तर त्याचा उपयोग काय? मायबाप थांबत नाहीत, त्यांना थांबणं परवडत नाही. त्या मुलीला पदवीची फी माफ झाल्याचा जीआर कुणी वाचून दाखवणार आहे का?

आणि ज्या शाळेत तिला हातचा कळला, त्या शाळेचं आपण काय करतो आहोत? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३मध्ये या राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. त्याच वर्षी त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. तोरणमाळ आणि पानशेत ही दोन उदाहरणं दाखवण्यात आली. दोन चांगल्या शाळा दाखवून हजारो वाड्या-पाड्यांचा निकाल लावायचा, ही पद्धत मला मंजूर नाही. सात वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून चार किलोमीटर जायला सांगितलं की पावसाळ्यात तिची शाळा बंद झाली, असं सरळ धरून चाला. मास्तरचं म्हणाल, तर पहिली तीन वर्षं तो शिक्षणसेवक. २०२३पासून त्याचं मानधन सोळा हजार झालं. त्याआधी अनेक वर्षं ते सहा हजार होतं. सहा हजार! जोतीरावांनी ज्या पगारासाठी इंग्रज सरकारपुढे आकडा मांडला, त्या पगारावर स्वराज्यातल्या किती संमेलनांनी ठराव केला?

आता माझ्या विरुद्ध जाणारा सगळ्यात भक्कम मुद्दा मीच मांडतो, कारण तो कुणी तरी मांडायलाच हवा. बाबासाहेब. १२ मार्च १९२७ला मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर त्यांचं भाषण झालं. सरकार दरडोई चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हे त्यांनी आकड्यानिशी सरकारच्या तोंडावर फेकलं. आणि त्याच भाषणात ते म्हणाले की खालचे वर्ग आत्ता कुठे हायस्कुलांत आणि कॉलेजांत पाय ठेवत आहेत, तेव्हा उच्च शिक्षण त्यांना जितकं स्वस्त करता येईल तितकं करा. म्हणजे १८८२चे फुले एकीकडे आणि १९२७चे आंबेडकर दुसरीकडे, असं कुणी मला सुनावू शकेल.

सुनावा. पण भाषण पूर्ण वाचून सुनावा. त्याच भाषणात बाबासाहेबांनी हेही सांगितलं आहे की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. त्यांना दोन्ही टोकं दिसत होती. आणि स्वस्त करा म्हणाले ते खालच्या वर्गांसाठी. सरसकट सगळ्यांसाठी स्वस्त करा असं ते म्हणाले नाहीत. त्यांना स्वतःला १९१३मध्ये कोलंबियाला जाता आलं ते कशामुळे? सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परक्या शहरात खोलीचं भाडं देण्यासाठी, खाण्यासाठी, थंडीचे कपडे घेण्यासाठी आणि पुस्तकांसाठी हातात दर महिन्याला येणारा पैसा. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढली आणि १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग चालवलं आणि तिथल्या पोरांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, जी आपल्या मंत्रालयाला अजून कळत नाही: गरिबाच्या पोराला कॉलेजबाहेर ठेवते ती मुख्यतः भाकरी आणि खोली. फी त्याच्या मागून येते.

आता बघा. कला, वाणिज्य, विज्ञान शाखेच्या अनुदानित कॉलेजातली फी मुळातच फार नसते. ती माफ केली तर घरच्यांना हायसं वाटतं, पण तेवढ्यानं मुलगी कॉलेजात टिकत नाही. तिला तालुक्याला यायचं असतं. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा पास फुकट होता. कॉलेज सुरू झालं की तो फुकट राहत नाही. मुक्कामाला राहायचं तर खोली हवी, आणि मुलीला एकटीला खोली देताना घरमालक दहा प्रश्न विचारतो. मेसचा डबा लावावा लागतो. मी पाहिलेल्या एका खोलीत चार मुली होत्या आणि डबे दोन. दुपारी एका डब्यात दोघी जेवायच्या आणि रात्री सकाळच्या उरलेल्या पोळीवर शेंगदाण्याची चटणी. त्यांतल्या एकीची फी संपूर्ण माफ होती. दुसऱ्या वर्षी तीच घरी गेली, कारण खोलीच्या भाड्यातला तिचा हिस्सा बापाला झेपेना. महिन्याचं भाडं भरता आलं असतं तर ती आज पदवीधर असती.

आता सरकारनं काय केलं ते घ्या. जुलै २०२४च्या निर्णयानं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. अतिरिक्त भार सांगितला गेला ९०६ कोटी रुपयांचा. मुलीला इंजिनिअरिंगला पाठवू की लग्न लावून टाकू, अशा कोंडीत सापडलेल्या कित्येक बापांनी या निर्णयामुळे पहिली वाट धरली असेल, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मुलींचा विरोधक म्हणून मला इथून कुणी घरी पाठवू नये.

पण आठ लाख! पन्नास-साठ हजारांत वर्ष काढणारं कोरडवाहू घर आणि साडेसात लाखांचं पगारदार घर एकाच रांगेत उभं. आणि ज्या शिष्यवृत्तीत फीबरोबर हातात निर्वाहभत्ता पडतो, त्या अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवर वर्षानुवर्षं थांबलेली. जिथे भूक मोजायची तिथे मर्यादा घट्ट, आणि जिथे संस्थेला फी पोचवायची तिथे सैल. हे कसं झालं, याचा विचार करा.

९०६ कोटींत दुसरं काय झालं असतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना जेवण, खोली आणि निर्वाहासाठी वर्षाला पैसे देण्याचे टप्पे ठरले: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. मधला आकडा धरा. ९०६ कोटींत पावणेदोन लाखांहून जास्त मुलींची वर्षभराची खोली आणि मेस निघते. पावणेदोन लाख मुली, दोन वेळचं पोटभर जेवून, स्वतःच्या खाटेवर झोपून अभ्यास करणाऱ्या. मी हा भागाकार कागदावर करून पाहिला तेव्हा रात्री झोप लागली नाही. फक्त अट एक: पैसे महिन्याच्या महिन्याला मिळाले पाहिजेत. परीक्षा झाल्यावर खात्यात येणारा भत्ता म्हणजे सावकाराच्या दारात उभं केल्यानंतर दिलेली मदत.

आता जरा कडू बोलतो. फीमाफी मुलीच्या नावावर होते, पण पैसा मुलीला मिळत नाही. तो प्रतिपूर्ती म्हणून संस्थेला मिळतो. १९८३मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. आपली पोरं तेव्हा कर्नाटकात जाऊन देणग्या मोजत होती, म्हणून त्या निर्णयाला मी सरसकट नावं ठेवत नाही. पण त्यातून एक वर्ग तयार झाला. त्याला आपण शिक्षणमहर्षी म्हणतो आणि संमेलनात पहिल्या रांगेत बसवतो. फी ठरते ती संस्थेनं दाखवलेल्या खर्चावरून. जोवर ती फी बाप खिशातून भरत होता तोवर निदान तो कुरकुर करायचा, प्रयोगशाळेत यंत्र का नाही म्हणून विचारायचा. सरकारनं भरायला घेतल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही. त्याच कॉलेजात नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला मास्तर तासिका तत्त्वावर राबतो, सुट्टीतले पगार त्याला नाहीत आणि तासांचे पैसेही महिनोन् महिने अडकतात. त्यानं काय शिकवावं आणि कशाच्या उमेदीवर शिकवावं? राज्यभर प्राध्यापकांची हजारो पदं रिकामी असताना फी मात्र शंभर टक्के भरली जाते. मास्तर नसलेल्या वर्गाची फी सरकार भरतं आहे. हा मंडप एका कॉलेजच्याच मैदानात उभा आहे, याची मला जाणीव आहे. यजमानांनी माझा पाहुणचार उत्तम केला, त्याबद्दल आभार. माझ्या बोलण्यात त्यानं फरक पडणार नाही.

माझं हे बोलणं ऐकून काही जण खूश होताना मला दिसत आहेत. करदात्यांच्या पैशांवर कुणाला फुकट का शिकवायचं, कॉलेजं खासगी करा, ज्याला परवडेल तो शिकेल, असं म्हणणारे. त्यांनी मला आपल्यात मोजू नये. हे बोलणारे बहुतेक जण माझ्या पिढीचे आहेत आणि अनुदानित कॉलेजात जवळजवळ फुकट शिकून वर आले आहेत. आपण चढलो ती शिडी आता लेकराबाळांनी वापरू नये, असं त्यांचं म्हणणं. जोतीरावांचं निवेदन त्यांच्याही उपयोगाचं नाही. सरकारनं शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावं का, या प्रश्नावर जोतीरावांचं उत्तर स्पष्ट होतं: तसं केलं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल. त्यांनी शिष्यवृत्त्यांविषयीही सांगितलं. नुसत्या चढाओढीवर शिष्यवृत्त्या वाटल्या तर त्या पुन्हा वरच्याच वर्गांत जातात. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही राखून ठेवा. उच्च शिक्षणाला सरकारी पैसा हवाच. तो कॉलेजच्या मास्तरला पूर्ण पगार देण्यात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि वसतिगृहात जावा, आणि ज्याचं घर खरोखर मोडकळीला आलं आहे त्याच्या पूर्ण खर्चात जावा. ज्याला झेपतं त्यानं झेपेल तेवढी फी भरावी, त्यात कमीपणा काही नाही.

जर्मनीचं नाव सकाळी दोनदा घेतलं गेलं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही, हे खरं. पण तिथे कॉलेजला न जाणारं पोरही कारखान्यात उमेदवारी करतं, पगार घेत घेत शिकतं आणि त्याला समाजात मान असतो. आपल्याकडे आयटीआयमधल्या वेल्डरच्या पोराकडे नातेवाईक कसे बघतात? अर्धा जर्मनी उचलून आणता येणार नाही. आणि पैसाच कमी आहे म्हणून कुरकुरायचं तर ते सगळ्यांनी मिळून करू. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चा, असं कोठारी आयोगानं १९६६मध्ये सांगितलं होतं. २०२०च्या नव्या धोरणातही तोच आकडा लिहिला आहे. तो लिहिलेलाच राहिला. तो वाढवून मिळेपर्यंत जे आहे ते कुणाला आधी, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळला तर उत्तर आपोआप ठरतं: ज्याचा आवाज मोठा त्याला. पाड्यावरच्या पोरीची संघटना नाही आणि संस्थाचालकांची आहे.

लेखक मंडळींनाही एक विचारतो. आपण ग्रामीण साहित्य म्हणवतो ते बरंचसं कॉलेजात शिकून शहरात गेलेल्या पोराची गोष्ट आहे. त्याला गाव आठवतं, आई आठवते, वाचक हळहळतो. जी चौथीतच सुटली तिनं लिहिलेलं आपण कधी वाचणार? ती लिहिणारच नाही, कारण तिला आपण लिहायला शिकवलंच नाही. मराठी वाचवा म्हणून आपण दरवर्षी गळा काढतो. मराठी शाळेतल्या मुलाला धड वाचता येत नसेल तर आपली पुस्तकं कोण घेणार आहे? मराठीचा उद्याचा वाचक पहिलीच्या वर्गात बसला आहे आणि त्याच्या वर्गाला मास्तर नाही.

आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात सर्व शिक्षण सर्वांना मोफत हा ठराव येणार आहे. तो तसाच येऊ द्या. मी त्याला उपसूचना मांडणार आहे आणि तिचा मजकूर आत्ताच वाचतो, म्हणजे नंतर कुणी अनपेक्षित म्हणणार नाही. हे संमेलन अशी मागणी करतं की, वाडी-वस्तीवरची एकही शाळा पट कमी म्हणून बंद होऊ नये आणि तिथल्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार मिळावा. हंगामी वसतिगृहं ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघण्याआधी सुरू व्हावीत. प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी मेससह वसतिगृह उभं राहावं, आणि ते उभं राहीपर्यंत खोली-जेवणाचा भत्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या खात्यात पडावा. आणि ज्या संस्थेनं मंजूर पदं पूर्ण पगारावर भरली नाहीत, किंवा सरकारकडून आलेल्या फीचा हिशोब फलकावर लावला नाही, तिला फीची प्रतिपूर्ती मिळू नये.

शेवटच्या कलमावर व्यासपीठावरच्या काही मान्यवरांची हरकत असेल, ती त्यांनी उभं राहून नोंदवावी. मला अनुमोदक हवा आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारे जे प्राध्यापक मागच्या बाजूला उभे आहेत, त्यांच्यापैकी कुणी नाव द्यायला धजत असेल तर जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यावं. नोकरीची भीती वाटत असेल तर तेही समजू शकतो. मग मी एखाद्या सेवानिवृत्ताला गाठतो.